मंगल, तो जबाब माझा होता

मंगल,

तुझ्या दहाव्याला नदीवर इतकी माणसं आली, की मला तुझा हेवा वाटला.

गेलेल्या माणसाला असं कुणी लिहीत नाही, माहीत आहे मला. पण तुझ्याशी गोड बोलायची सवय मला कधी नव्हती, आता मुद्दाम कशाला लावून घेऊ? जव्हारच्या पुढून एक जीप भरून बायका आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. तुझ्या चामटोलीचं अर्धं गाव होतं. आपल्या हॉस्पिटलातल्या रिटायर झालेल्या मावश्या एकमेकींना धरून उतार उतरत होत्या. आणि मी मागे उभी राहून विचार करत होते, मी गेले तर कोण येईल? नवरा, मुलगी, शेजारचे दोघे-चौघे. बस.

पिंड ठेवला आणि तुझा भाऊ दिनकर मागे सरला, तसा कावळा लगेच शिवला. आमच्याकडे हे मानत नाहीत, तुला ठाऊकच आहे. तरी मला खुपलं. सगळे म्हणाले, "बायचं काही राहिलं नव्हतं." काहीच राहिलं नव्हतं, मंगल? माझ्याशी भांडायचंसुद्धा नाही?

ही जळायची सवय जुनी आहे. नर्सिंगला आपण एका खोलीत राहिलो तेव्हापासूनची. तू पहिली यायचीस आणि मी तिसरी किंवा चौथी. तू इंजेक्शन दिलं की पेशंट म्हणायचा, "कळलंपण नाही." मी दिलं की आई गं. पण मला खरा त्रास व्हायचा तो रविवारी. तू अंबरनाथला आमच्या घरी यायचीस, पिशवीत वालाच्या शेंगा नाहीतर तांदळाचं पीठ. अण्णा दारातच म्हणायचे, "आली का आमची चामटोलीकरीण!" त्यांनी आयुष्यभर फॅक्टरीत फिटरचं काम केलं, पण जीव सगळा कागदात. युनियनचे अर्ज, विहाराची पत्रं, शेजाऱ्यांच्या तक्रारी, सगळं तेच लिहायचे. तुझी वही हातात घेऊन मला दाखवायचे. "बघ शालू, अक्षर बघ. माणूस सरळ असला की ओळ सरळ जाते." माझी ओळ वर चढायची. कालवणातली चांगली तुकडी तुझ्या ताटात पडायची आणि आई म्हणायची, "पाहुणी आहे ती." दर रविवारी येणारी कसली पाहुणी?

नोकरीही एकाच ठिकाणी लागली. तेव्हा मला आनंद झाला होता, खरंच. तुझ्याशिवाय मला करमायचं नाही, हेही त्याच सवयीतलं.

त्या दुपारी लेबर रूमला आपण दोघीच होतो. शहाडहून आलेली रेश्मा, वीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला, सासू बरोबर. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली, सासूने "लक्ष्मी आयी" म्हणून आपल्या दोघींच्या तोंडावरून हात फिरवला. आणि मग रक्त थांबेना. मी पोट चोळत होते, तू सलाईन लावलंस, इंजेक्शन दिलंस आणि फोनकडे पळालीस. ज्या डॉक्टरांची ड्युटी होती ते स्वतःच्या खाजगी दवाखान्यात ऑपरेशन करत होते. पहिल्यांदा तिथली बाई म्हणाली, "सर आत आहेत." दुसऱ्यांदा, "निघतायत." तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. प्रत्येक वेळी परत येऊन तू केसपेपरवर वेळ लिहिलीस. दोन दहा. दोन पस्तीस. तीन पाच. हाताला रक्त होतं म्हणून तू पेन कापसात धरलं होतंस. पावणेचारच्या आधीच रेश्मा गेली. डॉक्टर साडेचारला आले, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपर नवा होता. पेशंट आणतानाच अत्यवस्थ, डॉक्टर हजर, सर्व उपचार वेळेत. खाली तुझ्या सहीच्या जागी कुणीतरी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. अधीक्षक साहेबांनी तुला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर ट्रे घेऊन उभी होते.

"हे अक्षर माझं नाही, सर," तू म्हणालीस.

"अक्षराचं काय घेऊन बसलीस? सही तुझी पाहिजे."

"जे मी लिहिलं नाही त्याच्याखाली मी सही नाही करत."

एवढंच. आवाज नाही चढवलास, दार नाही आपटलंस. बाहेर आलीस आणि मला म्हणालीस, "तीन नंबरचं सलाईन संपत आलंय, बघ जरा." चार दिवसांनी तू जिल्ह्याच्या ऑफिसला पत्र लिहिलंस, तिन्ही फोनच्या वेळांसकट. त्याची एक प्रत रेश्माच्या सासूला नेऊन दिलीस. मला आधी विचारलंही नाहीस. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस ना?

मग सुरू झालं. पोलीस स्टेशनातून रोज बोलावणं. जबाब घ्यायचाय म्हणून सकाळी दहाला बोलवायचे, बाकावर बसवायचे आणि संध्याकाळी "उद्या या" म्हणून सोडायचे. नऊ दिवस. नवव्या दिवशी एक टाईप केलेला कागद पुढे केला, "माझ्या हातून उपचाराला उशीर झाला" असं लिहिलेला. हवालदार तुला म्हणाला, "ताई, करून टाका ना सही. माझीपण सुटका होईल." ते तू आम्हाला हसत सांगितलंस, भाकरी खाता खाता. मावश्या तुझ्याभोवती बसल्या होत्या. कुणी चहा आणला, कुणी तुझी बाटली भरून दिली. आणि तिथे बसून मला काय वाटलं माहीत आहे? त्या दुपारी मीही होते. माझ्याही हाताला रक्त होतं. मला कुणी चहा विचारला नाही. तुझ्या हालांचासुद्धा मला मत्सर वाटला, मंगल. इतकी मी खालची होते.

तू सही करेनास म्हणून त्यांना दुसरी सही लागली.

मला बोलावलं तेव्हा केबिनमध्ये अधीक्षक साहेबांशेजारी जिल्ह्याहून आलेला एक माणूस होता. त्याने नाव सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "बसा सिस्टर. जात पडताळणी झाली का तुमची?"

"फाईल पाठवलीय सर. दोन वर्षं झाली."

"हं. बऱ्याच जणांच्या अडकल्यात म्हणे."

तो दुसरा माणूस मान न उचलता म्हणाला, "कागद खरे असले तरी अडकतात. आजोबांच्या दाखल्यावर एक जात असते, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध लिहिलेलं असतं. मेळ बसेपर्यंत माणूस घरी बसतो."

"आम्ही मदत करू की," साहेब म्हणाले. "मदत म्हणजे काय, कुणी अडवू नये, एवढंच बघायचं."

मग कागद पुढे आला. सिस्टर मंगल यांनी माझ्यासमोर इंजेक्शन देण्यास उशीर केला. डॉक्टरांना फोन केल्याचे मी पाहिले नाही. खाली माझं नाव. चहा आला. "सावकाश वाचा," म्हणाले. मी वाचलं. नवऱ्याची कंपनी त्याच वर्षी बंद पडली होती, मुलगी पहिलीत होती, हे तुला सांगून झालंय. तुला न सांगितलेलं एक आहे. त्या कागदावर माझं नाव चुकलं होतं. शालिनीच्या जागी शालन टाईप झालं होतं. मी म्हटलं, "सर, नाव चुकलंय." त्यांनी ते पांढऱ्या शाईने खोडून नीट करून दिलं. तेवढं एक मी दुरुस्त करून घेतलं, मंगल. वरच्या दोन ओळींना मी बोटसुद्धा लावलं नाही. सही केली आणि चहाही प्यायले.

बाहेर आले तेव्हा वाटलं होतं भीती वाटेल, लाज वाटेल. पहिल्यांदा वाटलं ते वेगळंच होतं. वाटलं, आता हिचं अक्षर बघू काय कामाला येतं. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. लोक म्हणतील, बिचारीवर दबाव होता. दबाव होताच. पण दबावाच्या खाली हेही होतं, आणि ते त्या दोघांनी आणलं नव्हतं. ते माझं होतं.

त्यानंतर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला माझं तोंड बंद व्हायला लागलं. खोटं बोलणार नाही, ती ओळ. पाचशे वेळा म्हटली असेल लहानपणापासून. अण्णा माझ्या शेजारीच बसायचे. त्यांना वाटायचं, दमते बिचारी.

तुला सस्पेंड केलं आणि चार्जशीट दिली, तेव्हा ती घेऊन तू आलीस ती अण्णांकडेच. उत्तर कसं लिहायचं ते विचारायला. मी ड्युटीवरून तिकडे आले तर तुम्ही दोघं चटईवर कागद पसरून बसला होता, आणि माझे पाय उंबऱ्यातच थांबले. चार्जशीटबरोबर जबाबांच्या प्रती देतात, हे मला ठाऊक होतं.

अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "मंगल, साक्षीदार दोन लिहिलेत आणि जबाब एकाचाच लावलाय. दुसरा कुठाय?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "दुसरा मिळालाच नाही, अण्णा. त्यांनी दिलाच नाही. मागून घेते."

"नाव काय त्याचं?"

"खोडलंय. वाचता येत नाही."

आणि तुझ्या पिशवीच्या तोंडावर तू पाय ठेवलेला मी पाहिला.

नऊ दिवस बाकावर बसून तू खोटी सही केली नव्हतीस. आणि आमच्या घरात, माझ्या बापासमोर, पापणी न हलवता दोनदा खोटं बोललीस. त्याने माझा जीव वाचला आणि त्यानेच मी आणखी पेटले. माझ्या खोट्याने तुझी नोकरी चालली होती. तुझ्या खोट्याने माझा बाप माझ्याकडे राहिला. तुझं खोटंसुद्धा माझ्या खोट्याहून चांगलं निघालं.

अण्णा त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "आपण नुसतं म्हणतो पंचशील. ती पोरगी आपल्यातली नाही, पण पाळते." मी भात कालवत राहिले.

चौकशीला ते तुझ्याबरोबर यायला निघाले होते, शर्टसुद्धा काढून ठेवला होता. तू दम्याचं निमित्त काढून त्यांना थांबवलंस. त्या खोलीत मी साक्षीदाराच्या खुर्चीवर आणि तू टेबलापलीकडे. चौकशी अधिकारी म्हणाले, "उलटतपासणी घ्या." मी रात्रभर तयारी केली होती. तू काय काय विचारशील, मी काय सांगेन, कुठे रडेन. तू उभी राहिलीस.

"ह्या जबाबावरची सही तुमची आहे का?"

तू मला "तुम्ही" म्हणालीस. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"हो."

"जबाब कुणी टाईप केला?"

"मला माहीत नाही."

"मला आणखी काही विचारायचं नाही."

आणि खाली बसलीस. तू एकदा जरी "शालू, खरं सांग" म्हणाली असतीस, तर मी सांगितलं असतं. असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. सांगितलं असतं का, हे तुला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नसशील.

तुला माझी गरजही नव्हती. हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटरकडे बाहेर लावलेल्या फोनची वही असते. केसपेपर बदलणाऱ्यांना ती वही आठवलीच नाही. तू ती मागवलीस. दोन दहा, दोन पस्तीस, तीन पाच. तीन ओळी, ऑपरेटरच्या अक्षरात. तरी निकाल काय लागला? आरोप अंशतः सिद्ध. तुला परत घेतलं आणि जव्हारच्या पुढे टाकलं, जिथे एसटी दिवसातून दोनदा जायची. त्या डॉक्टरांना बढती मिळाली. माझी पडताळणी मात्र महिन्याभरात आली. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

अण्णा गेले तेव्हा तू आलीस. शेवटच्या दिवसांत त्यांनी दोनदा विचारलं होतं, "मंगल येणारे का?" माझं नाव घ्यायची गरजच नव्हती, मी उशाशी होते. तरी ते मला लागलं.

त्यानंतरच मी चामटोलीला आले होते. माफी मागायलाच आले होते गं. तू ओटीवर वाल निवडत होतीस. मी समोर बसले आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुला परवडलं. तुझ्यामागे जमीन आहे. भाऊ आहेत. आमच्याकडे नोकरी हीच जमीन."

तू सुपातून डोकं वर काढलंस. "सातबाऱ्यावर माझं नाव दाखव मला. जमीन भावांची आहे. सस्पेंड होते तेव्हा वहिनी ताट वाढताना आदळायची, ते बघायला तू नव्हतीस."

"मग कशाच्या जिवावर केलंस?"

"काय केलं? सही नाही केली. तेवढंच तर केलं."

"मग मला शिव्या का नाही दिल्यास? एवढी वर्षं!"

"दिल्या असत्या," तू म्हणालीस. "पण तू रडली असतीस. मग मलाच तुझी समजूत काढायला लागली असती. कंटाळा आला होता मला, शालू."

मी म्हटलं, "तरी तू माझा कागद लपवलास अण्णांपासून."

"ते अण्णांसाठी. तुझ्यासाठी नव्हतं. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

तेवढ्यात दिनकरची मुलं शाळेतून आली, तू त्यांना वाढायला उठलीस, आणि ते बोलणं तिथेच राहिलं. निघताना तू वालाची पिशवी माझ्या हातात दिलीस, नेहमीसारखी. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही. मग एक दिवस दिनकरचा फोन आला, कावीळ झाली होती, अकरा दिवसांत गेलीस. इतरांच्या डोळ्यांतला पिवळेपणा तू दारातून ओळखायचीस, मग स्वतःचा आरशात दिसला नाही का तुला? हेही तुझ्याशी भांडायचं राहिलं.

दहाव्याला नदीवरून परतताना रेश्माची सासू भेटली. खूप वाकली आहे. बरोबर नात होती, शाळेच्या ड्रेसमध्ये, दोन वेण्या. म्हातारीने मला ओळखलं. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आप भी थीं ना उस दिन? दुसरी सिस्टर. तुम दोनों ने बहुत किया बेटा." नातीला म्हणाली, "पाँव छू." ती पोरगी खरंच वाकली.

मी म्हटलं, "नको. मी नाही." तिला वाटलं, बाई नम्र आहे.

घरी येऊन मी लिहायला बसले. चार दिवस लागले. अण्णा नाहीत, तू नाहीस, मसुदा बघायला कुणी नाही. शेवटी साधंच लिहिलं. मी, शालिनी, दिलेला जबाब खोटा होता. सिस्टर मंगल यांनी तीनदा फोन केला, मी समोर होते. त्यांनी इंजेक्शन वेळेवर दिले. सदर जबाब मला आधीच टाईप करून देण्यात आला. माझ्या जात पडताळणीची भीती घालण्यात आली. आणि मग एक ओळ, जी कुठल्याच अर्जात बसत नाही, ती लिहिली आणि खोडली, आणि पुन्हा लिहिली. मला त्यांचा मत्सर होता.

काल रजा टाकून ठाण्याला जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. आवक-जावकच्या खिडकीवर एक तरुण कारकून होता. त्याने कागद न बघताच शिक्का मारायला घेतला, मग थांबून वाचला. नंतर वर बघून म्हणाला, "मॅडम, हे प्रकरण कधीच बंद झालंय."

"माहीत आहे."

"ह्या मंगल सिस्टर कुठे असतात आता?"

"गेल्या. पंधरा दिवस झाले."

"आणि तुम्ही अजून नोकरीत आहात?"

"हो."

"मग हे स्वतःच्या विरुद्ध कशाला देताय? तुम्हालाच नोटीस निघेल. कुणी मागितलं पण नाहीये."

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. खरंच काळजीने विचारत होता बिचारा. तुझ्या एका पत्राने साहेब, पोलीस, जिल्हा, सगळे हलले होते. तुला गप्प करायला त्यांनी नऊ दिवस घातले आणि तरी जमलं नाही. माझं खरं इतक्या उशिरा आलं होतं, की त्याला घाबरणारं कुणी जागेवर उरलं नव्हतं. त्या खिडकीशी उभी असतानाही मी तुझ्यावर जळत होते, मंगल. तुझ्या खऱ्याला किंमत होती, कारण तू ते वेळेवर बोललीस.

जेवणाची सुट्टी होत आली होती. तो म्हणाला, "ठेवून जा, बघतो."

मी म्हटलं, "पोच द्या."

"साहेब आल्यावर देतो. दोन वाजतील."

"चालेल. मी थांबते."

त्याने खिडकी लावून घेतली. मी तिथेच उभी राहिले.